सोळा कार्बनची साखळी

सकाळी ६. फेब्रुवारी लागला तरी बालाघाटच्या पठारावर पहाटे बोचरी थंडी असते. रानात करडईची काढणी याच वेळी चालते. दवानं काटे मऊ असतात तोवरच हात घालता येतो. धाराशिव शहरातल्या एका महाविद्यालयात मी सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवते आणि शिकवण्याच्या आधी-नंतर लिपिड बनवते. प्रयोगशाळा उघडल्यावर पहिली नजर मोनोओलीन या लिपिडाच्या बाटलीकडे जाते. ते पांढरं, कडक थिजलेलं असतं. आमचं सगळं काम या थिजण्यापासून सुरू होतं.

पेशीच्या पटलात रुतलेली प्रथिनं स्फटिकात आणणं फार अवघड. पटल म्हणजे लिपिडांचा दुहेरी थर. त्यातून प्रथिन साबणासारख्या द्रव्यानं सोडवून बाहेर काढलं की ते अनेकदा विस्कटतं, आणि स्फटिक नसेल तर क्ष-किरणांनी त्याची रचना पाहता येत नाही. १९९६ साली बाझेलमध्ये लांडाऊ आणि रोझेनबुश यांनी मोनोओलीन आणि पाण्याच्या घट्ट मिश्रणात, म्हणजे घन (क्युबिक) प्रावस्थेत, बॅक्टेरियोऱ्होडॉप्सिनचे स्फटिक वाढवून दाखवले. त्या मिश्रणात लिपिडाचा थर अखंड वळत जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांनी पाण्याच्या वाटा असतात. प्रथिनाला त्याचं घरच मिळतं. अडचण एवढीच, की नाजूक प्रथिनाला थंडावा लागतो आणि मोनोओलीन साधारण १८ अंशांखाली भरवशाचं राहत नाही.

७ वाजता रात्रभर फिरत असलेली विटिग अभिक्रिया थांबवते. फ्लास्कवर नायट्रोजनचा फुगा आहे. एका बाजूनं सात कार्बनचा फॉस्फोनियम क्षार घातला होता, दुसऱ्या बाजूनं नऊ कार्बनचं नोनॅनाल. दोन्ही जुळले की सोळा कार्बनचं आम्ल तयार होतं आणि दुहेरी बंध बरोबर सातव्या-आठव्या कार्बनमध्ये बसतो. तो सिसच हवा, कारण सिस बंधानं साखळीला बाक येतो. बाक असला की साखळ्या एकमेकींना चिकटून रचल्या जात नाहीत आणि थंडीतही लिपिड वाहतं राहतं. ट्रान्स झाला तर साखळी सरळ होते आणि मेहनत वाया जाते.

ही रचना आमची नव्हे. मार्टिन कॅफ्री यांच्या गटानं ती २००४ साली नेमक्या याच हेतूनं आखली. तिला ७.९ म्हणतात. दुहेरी बंधाच्या अलीकडे सात कार्बन, पलीकडे नऊ. मोनोओलीन त्याच हिशेबानं ९.९. दोन कार्बन कमी केले आणि घन प्रावस्था ६ अंशांपर्यंत टिकू लागली. मला या क्षेत्रातलं हेच सर्वांत सुंदर वाटतं: आधी प्रथिनाची गरज विचारायची, मग कागदावर रेणू काढायचा, मग तो बनवायचा.

१० ते १२ वर्गावर तास असतात.

१ वाजता डबा. ज्वारीची भाकरी, कारळ्याची चटणी, वर घाण्याचं करडईचं तेल. हे तेल थंडीत गोठत नाही, कारण त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं आणि त्याच्या साखळीत दोन दुहेरी बंध असतात. मग तेच का वापरू नये, असं विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण दोन बंधांमधली जागा हवेतल्या ऑक्सिजनला लवकर बळी पडते; करडईचं तेल खवट होतं ते त्यामुळेच. स्फटिक वाढायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तेवढा काळ लिपिड शुद्ध राहिलं पाहिजे. म्हणून बंध एकच ठेवायचा आणि साखळी आखूड करायची.

दुपारी २. आधीच्या खेपेचं आम्ल ग्लिसरॉलला जोडून झालं आहे. ग्लिसरॉलच्या तीन हातांपैकी दोन झाकून ठेवले होते. आज ते आम्लानं मोकळे केले आणि आता शुद्धीकरणाचा कॉलम. सिलिकाला बोरिक आम्ल लावलेलं असतं, नाहीतर साखळी पहिल्या हातावरून मधल्या हातावर सरकते. कंडेन्सरचं पाणी बादलीतून छोट्या पंपानं फिरवतो. या जिल्ह्यात नळ सोडून ठेवणं मला पटत नाही. हे लिपिड अतिनील दिव्याखाली दिसत नाही, त्यामुळे शुद्धता पाहायला टीएलसीची पट्टी आयोडीनच्या बरणीत ठेवतो.

"मॅडम, ठिपका एकच आलाय."

"पट्टी वाळू दे, मग बोरिकच्या पट्टीवर परत बघ."

विद्यार्थिनीनं पाहिलं. तिथंही एकच.

५ वाजता पूर्वी शुद्ध केलेल्या लिपिडाची परीक्षा. दोन सिरिंज तोंडाला तोंड जोडायच्या, एकीत वितळलेलं लिपिड, दुसरीत पाणी, आणि मिश्रण इकडून तिकडे ढकलत राहायचं. मोनोओलीनसाठी प्रमाण वजनानं ६० ला ४०. आधी गढूळ दिसतं, मग घट्ट होत काचेसारखं नितळ. ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली घन प्रावस्था काळी दिसते. चमक दिसली तर थर नुसतेच एकावर एक पडले आहेत. आज ७.९ पूर्ण काळं. रात्रभर ७.९ आणि मोनोओलीन, दोन्ही नमुने ८ अंशांवर राहतील.

साडेसहाला वही लिहिते. पुढची साखळी ७.७ ची. तिच्या पाण्याच्या वाटा अधिक रुंद असतात. २०११ मध्ये ब्रायन कोबिल्का यांच्या गटानं ॲड्रेनॅलिनचा ग्राही जी-प्रथिनासकट स्फटिकात आणला तो ७.७ मध्येच, आणि पुढच्या वर्षी कोबिल्कांना लेफ्कोविट्झ यांच्यासह नोबेल मिळालं. वापरातल्या औषधांपैकी जवळपास एक तृतीयांश जी-प्रथिनांशी जोडलेल्या याच कुळातल्या ग्राहींवर काम करतात.

धाराशिव, लातूर, बीडची मुलं सेंद्रिय रसायनात एमएस्सी करून सोलापूर-हैदराबादच्या औषध कंपन्यांत जातात. विटिग, कॉलम, टीएलसी हे सगळं त्यांच्या हातात असतं. प्रथिनं स्फटिकात आणणाऱ्यांना नेमके हेच हात हवे असतात. पीएचडीचा विचार करत असाल, तर अर्ज करताना जीवशास्त्राच्या संस्थांनाही लिहा आणि लिपिड बनवता येतं हे पहिल्याच ओळीत सांगा.