गाडी गॅरेजमधून आली, पण दुखणे तसेच! – अशा वेळी व्यापाऱ्याने करावे काय?

वसई-विरार पट्ट्यातील आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांचा धंदा बराचसा चार चाकांवर चालतो. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांत तयार झालेला माल असो, बेकरीचा पाव असो की फर्निचर, तो वेळेवर पोचला तरच पैसा हातात येतो. गाडी दोन दिवस उभी राहिली की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे वळते. माणसांचा रोज मात्र द्यावाच लागतो. म्हणून इंजिनाचे काम कच्चे झाले तर फटका थेट गल्ल्याला बसतो.

आमच्या दुकानाच्या जुन्या मारुती व्हॅनचे इंजिन तापू लागले. हायवेलगतच्या एका गॅरेजवाल्याने हेड गॅस्केट गेल्याचे सांगितले, काम केले आणि आठ हजार रुपये घेतले. बिल मागितले तर "आपसातला मामला आहे, बिल कशाला?" असे उत्तर मिळाले. तरीही आम्ही साध्या कागदावर काम, रक्कम व तारीख लिहून त्याची सही घेतली. दहाव्या दिवशी मनोरकडे माल नेताना शिरसाडच्या पुढे काटा लाल रेघेवर गेला. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केले. थोड्या वेळाने ऑइलची पट्टी काढून पाहिली तर ऑइल दुधाळ झालेले.

दुधाळ ऑइल म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरले. असे ऑइल बेअरिंगना वंगण देत नाही. तशीच गाडी चालवली तर हजारांचे काम पुऱ्या इंजिनावर जाते. आम्ही गाडी दोरी बांधून ओढत आणली, पण दुसऱ्या गॅरेजमध्ये लगेच उघडू दिली नाही. पहिल्या मिस्त्रीला बोलावले आणि त्याच्यासमोर, एका जाणत्या लेथवाल्याकडे हेड उतरवले. हेडवर सरळ पट्टी ठेवताच मधून उजेड दिसला. हेड वाकलेले होते आणि फेसिंग न करताच त्यावर नवे गॅस्केट बसवले होते. डोळ्यांदेखत दिसल्यावर वाद उरला नाही. मिस्त्रीने मजुरी न घेता काम पुन्हा करून दिले. फेसिंगचा खर्च आम्ही दिला, कारण तो पहिल्या रकमेत धरलेलाच नव्हता.

यातली कारणे समजून घेण्यासारखी आहेत. ॲल्युमिनियमचे हेड जास्त तापले की वाकते. त्यामुळे गॅस्केट बदलण्याआधी हेड तपासणे आणि लागल्यास फेसिंग करणे जरुरीचे असते. हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या जोराने, टॉर्क पान्याने आवळावे लागतात; हाताच्या अंदाजाने आवळले तर गॅस्केट पुन्हा फुटते. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पद्धतही सर्रास आहे. त्याने काटा खाली येतो, पण इंजिन योग्य गरमीवर चालत नाही आणि तापण्याचे मूळ कारण तसेच राहते. रेडिएटरमध्ये बोअरिंगचे खारे पाणी ओतल्यास आतून गंज व क्षार धरतो; तेथे कूलंटच वापरावे.

कामानंतर पहिले पंधरा दिवस काही खुणांवर नजर ठेवावी. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला तर पाणी जळते आहे असे समजावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे; रिंगा किंवा वाल्वचे सील तपासावेत. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जाते आहे. खालून ठकठक आवाज आला तर इंजिन ताबडतोब बंद करावे. पावसाळ्यात गाडी पाण्यात बुडाली असेल तर स्टार्टर मारूच नये. जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपारा दिवसचे दिवस पाण्याखाली होते. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

समजुतीने प्रश्न सुटला नाही तर कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा जुलै 2020 पासून लागू झाला. त्याप्रमाणे बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. आपण राहतो किंवा धंदा करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणास फी लागत नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

येथे व्यापाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तू व सेवांना हा कायदा लागत नाही. सूट आहे ती स्वतः राबून पोट भरणाऱ्याला. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या लघुउद्योगाच्या प्रकरणात 1995 साली सुप्रीम कोर्टाने हा फरक स्पष्ट केला. स्वतः रिक्षा चालवून कुटुंब पोसणारा माणूस ग्राहक ठरतो, एक-दोन माणसांची मदत घेतली तरीही. पण गाडी निव्वळ दुसऱ्याला चालवायला देऊन कमाई करणारा ग्राहक ठरत नाही. त्याला दिवाणी कोर्टाची वाट आहे.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 170 प्रमाणे काम नीट पुरे केलेल्या कारागिराला मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क आहे. म्हणून गॅरेजमध्ये हमरीतुमरीवर येऊन गाडी उचलून आणणे शहाणपणाचे नाही. त्याच कायद्याचे कलम 151 मिस्त्रीला सांगते की, ताब्यातील गाडी आपल्या स्वतःच्या वस्तूसारखी जपावी.

आपले कित्येक बांधव स्वतः गॅरेज चालवतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, कामाआधी खर्चाचा अंदाज लिहून द्या, काढलेले जुने पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात ठेवा, आणि जे काम केले नाही तेही बिलावर स्पष्ट लिहा. "फेसिंग केले नाही, गिऱ्हाइकाने नको म्हटले" या एका ओळीने मिस्त्रीचीही अब्रू वाचते. गाडीमालकांनी स्वस्त मजुरीमागे धावण्यापूर्वी टॉर्क पाना आहे का, हेड कोणत्या लेथवर जाणार, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. उत्तर देताना जो कारागीर चिडत नाही, त्याच्याकडे गाडी बिनघोर सोपवावी.