चौदा रात्रींचा 'फोर्टनाइट'

'फोर्टनाइट' या शब्दाच्या शेवटी रात्र उघड दिसते, तरी तो उच्चारताना ती कुणाच्या मनात येत नाही. जुन्या इंग्रजीत 'चौदा' आणि 'रात्र' असे दोन सुटे शब्द होते. शतकानुशतके बोलण्यात झिजून त्यांचा हा एक शब्द झाला.

दिवस सोडून रात्री का मोजल्या? रोमन इतिहासकार टॅसिटस याने इसवी सन ९८च्या सुमारास 'जर्मानिया' लिहिला. जर्मन टोळ्या आपल्यासारखे दिवस न मोजता रात्री मोजतात आणि त्यांच्या सभा अमावास्येला किंवा पौर्णिमेला भरतात, असे तो सांगतो. ज्यांचे कॅलेंडर आकाशात उगवत होते, त्यांनी काळ रात्रींत मोजावा हे साहजिकच. पुढे ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या अँगल लोकांचा उल्लेखही याच ग्रंथात आहे. गॉल लोकही रात्रीच मोजतात, अशी नोंद ज्युलियस सीझरने त्याआधी केली होती. वेल्श भाषेत आठवड्याला आजही 'आठ रात्री' आणि पंधरवड्याला 'पंधरा रात्री' अशा अर्थाचे शब्द आहेत. आपले नवरात्र याच पंगतीतले.

इंग्रजीत आठवड्यासाठीही 'सात रात्री' या अर्थाचा 'सेनाइट' शब्द होता. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये मिस्टर कॉलिन्सच्या पत्रात तो भेटतो. पुढे तो मागे पडला, 'फोर्टनाइट' टिकला. अमेरिकेत मात्र लोक सरळ 'टू वीक्स' म्हणतात. त्यांचा 'बायवीकली' आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, असा घोळ घालतो. 'फोर्टनाइटली'त तो घोळ नाही.

भारतात हा शब्द पाक्षिकांच्या मुखपृष्ठांवर आणि कायद्याच्या कलमांत नांदतो. बँकिंग कायद्यात फोर्टनाइट म्हणजे शनिवारपासून दुसऱ्या शुक्रवारपर्यंतचे चौदा दिवस, अशी व्याख्या होती. २०२५च्या दुरुस्ती कायद्याने ती बदलली. आता महिन्याची १ ते १५ तारीख हा एक फोर्टनाइट आणि १६ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत दुसरा. म्हणजे फेब्रुवारीत तो तेरा दिवसांचाही होतो आणि जानेवारीत सोळा दिवसांचा.

चौदाचा हिशेब सुटला, रात्रही गेली. भारतीय बँकांपुरता तरी 'फोर्टनाइट' आता आपला पंधरवडा झाला आहे.