भुताचे फूल कसे ओळखावे?

एखाद्या रानफुलाचे नाव विचारायला येणारा मनुष्य प्रथम त्याचा रंग सांगतो. 'फिकट पिवळे होते, एवढेसे होते,' असे म्हणून तो उत्तराची वाट पाहतो. बागेतल्या फुलांपुरते हे बहुधा निभावते. परंतु केवळ रंगावर भिस्त ठेवणारा वाळवंटात फसण्याचा संभव फार. आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही, कारण तेथे मधमाशीही फसते. हे दाखविण्यासाठी आम्ही दूरदेशीचे एक फूल निवडले आहे.

अमेरिकेच्या नैऋत्य भागात मोहावी व सोनोरा ही वाळवंटे आहेत; त्यांपैकी सोनोरा पुढे मेक्सिकोतही पसरले आहे. तेथे हिवाळ्यातला पाऊस पुरेसा झाला, की जमिनीत वर्षानुवर्षे निजून राहिलेले बी रुजते, वसंतात फुले येतात, आणि उन्हाळा तापण्यापूर्वी बी टाकून झाड वाळून जाते. आपण तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतो. येथे अवघे झाडच काही महिन्यांचे पाहुणे! २००५ व २०१६ साली डेथ व्हॅलीत असा मोठा बहर आला होता. पाऊस हुकला, तर तेच माळ उघडे दिसतात.

अशा वर्षायू झाडांपैकी एकाला तिकडे 'घोस्ट फ्लॉवर' म्हणतात. आपण त्याला भुताचे फूल म्हणू. शास्त्रीय नाव मोहाविया कॉन्फर्टिफ्लोरा. पाकळ्या इतक्या फिक्या व पातळ, की उजेड त्यांतून आरपार यावा. पण अशाच फिक्या फुलाचे दुसरे एक झाडही त्या रेताड ओढ्यांत आणि खडकाळ उतारांवर वाढते. ते मेंट्झेलिया इन्व्होल्युक्राटा. दुरून पाहता दोन्ही सारखीच.

आता जवळ जाऊन आत डोकवावे. मेंट्झेलियाच्या पाच पाकळ्या सुट्या असतात आणि मध्यभागी पुंकेसरांचा दाट झुबका असतो. भुताच्या फुलात कामाचे पुंकेसर अवघे दोन! त्याच्या पाकळ्या बुडाशी जुळलेल्या असून आत जांभळट-तांबडे ठिपके असतात, आणि खालच्या ओठावर एक ठळक डाग असतो. ओठ म्हणण्याचे कारण असे, की हे फूल आपल्या बागेतल्या स्नॅपड्रॅगनचे जवळचे नातलग आहे. काही वनस्पतिशास्त्रज्ञ तर ते आता त्याच प्रजातीत घालतात. मेंट्झेलियाचे कुलच निराळे. तिच्यात पुढे फळ होणारा भाग पाकळ्यांच्या खाली असतो, भुताच्या फुलात तो पाकळ्यांच्या आत असतो. एवढे पाहिले, की शंका उरू नये.

मग रूप इतके सारखे का? मेंट्झेलियाकडे झेरॅलिक्टस नावाच्या मधमाश्या येतात, कारण तेथे त्यांना मकरंद व पराग मिळतात. भुताच्या फुलात मकरंदाचा थेंबही नसतो. तरीही नर माश्या आत शिरतात. तो ठळक डाग त्यांना मादीसारखा भासतो, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. मादीच्या आशेने नर आत जातो, परागाने माखतो, आणि पुढच्या फुलात पुन्हा तसाच फसतो. त्याच्या या चुकीवर त्या झाडाची पुढची पिढी पोसली जाते. म्हणजे ज्या डागामुळे माशी चकते, तोच डाग आपल्याला फुलाची ओळख पटवितो! आम्हांला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मौजेची वाटते.

फूल मिटलेले असेल, तर पानाला हळूच बोट लावावे. मेंट्झेलियाच्या पानांवर आकडेदार केस असतात. आघाड्याची कणसे धोतराला धरतात तशी ती कपड्याला धरतात. भुताच्या फुलाचे पान बोटाला चिकट लागते. यासाठी फूल खुडण्याची मुळीच गरज नाही. गुडघे टेकून बसावे, आणि पुंकेसर मोजावेत.