एका ग्रॅमात सव्वाचार कोटी अब्ज

कडुलिंबाचं एक पान हातात घ्या. साधारण साडेपाच सेंटिमीटर लांब असेल. आता मनातल्या मनात सगळ्या जगाला दहा लाख पटींनी मोठं करू या. ते पान सीएसएमटीपासून थेट कल्याणपर्यंत पसरेल, चोपन्न किलोमीटर! ज्या डहाळीवरून ते तोडलं तिचा एकोणीस सेंटिमीटरचा तुकडा मुंबईहून पुण्याला पोचेल. जखमेत पू करणारा स्टॅफिलोकॉकस जीवाणू एरवी मीटरचा दहा लाखावा भाग असतो. तो आता मीटरभर उंचीचा होईल, बालवाडीतल्या पोराएवढा. आणि या लेखाचा नायक, झिंक ऑक्साइडचा नॅनोकण? कल्याणपर्यंत पसरलेल्या त्या पानापुढे तो जेमतेम एका बोराएवढा दिसेल, दोन सेंटिमीटर.

खरा आकार वीस नॅनोमीटर. आणि तो घडवायला मदत करतं तेच पान.

कृती ऐकली तर स्वयंपाकघरातली वाटेल. पाला धुवायचा, उकळायचा, काढा गाळायचा. त्यात झिंक नायट्रेटसारख्या क्षाराचं द्रावण घालून तापवत ढवळायचं. खाली बसलेला साका वाळवून सुमारे चारशे अंशांवर भाजायचा. पांढरी पूड तयार. काढ्यातली फिनॉलं आणि फ्लॅव्होनॉइडं कणांना घडवतात आणि एकमेकांना चिकटू देत नाहीत. हे नेमकं कसं घडतं, ते रसायनशास्त्रज्ञांवर सोपवू. आपण मोजायला बसू.

पण महाराष्ट्राचा या वाटेवरचा वाटा आधी सांगायला हवा, कारण तो मोठा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी कडुलिंबाच्या पानांच्या काढ्यातून चांदी-सोन्याचे नॅनोकण बनवले, आणि 2004 साली ते काम जगापुढे आलं. धातूंनंतर धातूंच्या ऑक्साइडांचीही रांग लागली: जस्त, तांबं, टायटॅनियम. आपल्या ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथच्या एसआयसीईएस महाविद्यालयातल्या संशोधन केंद्रात डॉ. महेश्वर शेरॉन आणि डॉ. माधुरी शेरॉन यांनी नॅनो आणि जैव-नॅनो तंत्रज्ञानावर काम केलं. महेश्वर शेरॉन त्याआधी आयआयटी मुंबईत होते. देवघरातल्या कापरापासून फुलरीन नावाचे कार्बनचे पोकळ गोळे बनवल्याचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध 1994 सालचा. कापूर! वनस्पतीतून नॅनोविश्व उभं करण्याची कल्पना कल्याणच्या पुढच्या स्टेशनांपर्यंत कधीच येऊन पोचली आहे.

आता ती पांढरी पूड फक्त एक ग्रॅम घेऊ. सगळे कण गोल आणि वीस नॅनोमीटरचे धरू. प्रत्यक्षात ते लहानमोठे असतात, पण हिशोबाला एक आकडा हवा. झिंक ऑक्साइड पाण्याच्या 5.6 पट जड. भागाकार केला की उत्तर येतं: चारावर सोळा शून्यं, आणि वर थोडं. सव्वाचार कोटी अब्ज!

सेकंदाला एक याप्रमाणे एकट्याने मोजायला बसलात तर 135 कोटी वर्षं लागतील. सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, त्याच्या वीसपट. बरं, एकटे नको, सगळा देश बसवू. 140 कोटी भारतीय, झोप नाही, जेवण नाही, प्रत्येकाची सेकंदाला एक गणती. तरी जवळजवळ वर्ष जाईल. एका ग्रॅमसाठी!

प्रत्येक कणाला लोकलमध्ये एका माणसाची जागा देऊ. गर्दीच्या वेळी बारा डब्यांत पाच हजार माणसं धरली आणि दर तीन मिनिटांनी एक गाडी सोडली, मेगाब्लॉक नाही, रात्रीची विश्रांती नाही, तर शेवटची लोकल सुटायला चार कोटी 86 लाख वर्षं लागतील. प्रत्येक कणाला एक रुपया ठेवला तर? केंद्र सरकारचा 2025-26चा अर्थसंकल्प सुमारे पन्नास लाख पासष्ट हजार कोटींचा. तसे आठशे चाळीस अर्थसंकल्प रिकामे होतील.

कण एकापुढे एक मांडू. 16 एप्रिल 1853 रोजी पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, चौतीस किलोमीटर. तेवढ्या रुळांवर कणांची अखंड ओळ टाकायला एका ग्रॅमचा पंचवीस हजारावा भाग पुरतो. पूर्ण ग्रॅम मांडला तर ओळ साडेआठ लाख किलोमीटर होते. मुंबई-पुणे रेल्वेने चार हजार चारशे वेळा. चंद्रापर्यंत जाऊन परत, वर पृथ्वीला दोन वेढे, आणि ओळ अजून संपलेली नाही!

हाच ग्रॅम, फक्त कागदावर, विहिरीत समान मिसळू. वीस फूट रुंद, तीस फूट पाणी. प्रत्येक थेंबात ऐंशी लाख कण. विहीर कमी पडली? बदलापूरजवळचं बारवी धरण काठोकाठ भरलेलं घ्या, सुमारे 34 कोटी घनमीटर. तरी थेंबागणिक सहा कण येतात. एका ग्रॅमभर पुडीचे!

आणि तरी मला सर्वांत थक्क करणारा आकडा पृष्ठभागाचा वाटतो, कारण या पुडीची जीवाणूंना रोखण्याची खरी ताकद तिथेच आहे. एक ग्रॅमचा अखंड घन खडा घेतला तर त्याचे सगळे पैलू मिळून दोन चौरस सेंटिमीटरही भरत नाहीत, अंगठ्याच्या नखाएवढे. वीस नॅनोमीटरचे कण केले की तोच ग्रॅम 577 चौरस फुटांचा होतो. डोंबिवलीत एवढ्या कार्पेट एरियासाठी माणसं वीस वर्षं हप्ते भरतात. एक किलो पूड घ्या: सव्वातेरा एकर! जीवाणूला भिडणारा, जस्ताचे आयन सोडणारा, त्याच्या भिंतीला भगदाड पाडणारा हा पृष्ठभाग असतो.

शत्रूही मोठ्या आकड्यांचा आहे. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. सकाळी सातला एक, तर संध्याकाळी सातला 6,871 कोटी, जगाच्या लोकसंख्येच्या आठपट. पण आपला एक ग्रॅम त्यांच्यावर वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा लाख कण येतात.

या हिशोबाला माणसांची बाजू आहे. औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज 2022 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. 2011च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती. अख्खं कल्याण, अख्खी डोंबिवली, एका वर्षात. म्हणून काचेच्या बशीत जीवाणूंना रोखणारी ही पूड महत्त्वाची. ती अजून पोटात घेण्याचं औषध नाही, आणि घरी काढा उकळून बनवायची वस्तूही नाही. मलमपट्टी, कापड, रंगाचा लेप हे तिचे जवळचे मुक्काम.

भास्कराचार्यांनी 1150 सालच्या ‘लीलावती’त संख्यांची नावं परार्धापर्यंत दिली आहेत, एकावर सतरा शून्यं. परार्ध कण भरायला आपली पूड अडीच ग्रॅमही लागत नाही. आता तुम्ही कागद-पेन घ्या आणि वीसच्या जागी दहा नॅनोमीटर घाला. पृष्ठभाग दुप्पट होईल, कण आठपट होतील, आणि तोच परार्ध 0.3 ग्रॅममध्ये मावेल. करून पाहा.