चहा झाला, संगणक अजून उठतोच आहे

बटण दाबायचं, चहा टाकायचा. चहा गाळून झाला तरी पडद्यावरचं चक्र फिरतंच. जुन्या घरगुती संगणकाची ही नेहमीची रड. व्हायरस शिरला, असं घरातले म्हणतात. दुखणं अनेकदा वेगळंच असतं.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. काही न करताही ‘डिस्क’चा रकाना सतत १०० टक्क्यांवर असेल, तर संशयाची सुई हार्ड डिस्ककडे वळते. तिच्यातली चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. वाचणारी दांडी फाइल शोधत तिच्यावर पुढे-मागे सरकते आणि दर खेपेला काही मिलिसेकंद जातात. अशा हजारो खेपा! एसएसडी या दुसऱ्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारा भागच नसतो. जुन्या यंत्रात ती बसवली, तर मिनिटांचं काम बहुधा सेकंदांवर येतं.

‘मेमरी’ भरलेली दिसली, तर रॅम अपुरी. ४ जीबीत ब्राउझरचे वीस टॅब उघडले की विंडोज पसारा डिस्कवर टाकतं, लागला की परत आणतं.

फुकटातला उपाय टास्क मॅनेजरमधल्याच ‘स्टार्टअप’च्या यादीत आहे: नको असलेले प्रोग्रॅम तिथे बंद करावेत, अँटिव्हायरस सोडून. डिस्क बदलायची ठरलीच, तर आधी फोटो-कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.