वेगाचं चलान : भरायचं की कोर्टात लढायचं?

मोबाइलवर संदेश येतो : तुमच्या गाडीने वेगमर्यादा ओलांडली, दोन हजार रुपये भरा. घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, भरून टाक, कोर्टाची पायरी कोण चढणार? दुसरा म्हणतो, सोडून दे, सहा महिन्यांनी आपोआप रद्द होतं. चलानासोबतचा फोटो मात्र दोघांनीही उघडलेला नसतो. निर्णयाची सुरुवात त्या फोटोपासून व्हायला हवी. आपण किती वेगात होतो हा प्रश्न आहेच, पण ते सिद्ध करायला सरकारकडे काय आहे हा प्रश्नही तितकाच मोठा आहे. हा दुसरा प्रश्न विचारला जात नाही म्हणून चूक नसलेली माणसं पैसे भरून मोकळी होतात, आणि चूक असलेली माणसं ऐकीव मुद्द्यांवर कोर्टात दिवस घालवतात. दोन्ही पाहून वाईट वाटतं.

‘चलान आलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला’

चलान हा आरोप आहे. वेगमर्यादा ओलांडल्याबद्दलची शिक्षा मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १८३ मध्ये आहे. चलानावरची रक्कम असते ती कलम २०० खालची तडजोडीची रक्कम. ती भरली की त्या गुन्ह्याचा खटला पुढे चालत नाही. ती न भरता आरोप नाकारला, तर प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातं आणि तिथे आरोप सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो.

कलम १८३ मध्येच एक पोटकलम आहे, ते फार थोड्या वाहनचालकांना ठाऊक असतं. ‘गाडी फार जोरात होती असं मला वाटलं’ एवढ्या एकाच साक्षीदाराच्या मतावर कुणाला दोषी ठरवता येत नाही. त्या मताला यंत्राने केलेल्या मोजणीचा आधार लागतो. म्हणून वेगाच्या प्रत्येक खटल्याचा कणा यंत्र हाच असतो.

‘स्पीड गन तिरकी धरली की वेग जास्त दाखवते’

हा दावा कोर्टात हमखास केला जातो, आणि तो उलटा आहे. रडार गाडीवर लहरी सोडतं. त्या आदळून परत येतात तेव्हा त्यांची वारंवारता बदललेली असते आणि त्या बदलावरून वेग काढला जातो. यंत्र रस्त्याच्या कडेला उभं असेल तर ते गाडीकडे थोडं तिरकं पाहतं आणि त्याला वेगाचा फक्त आपल्या दिशेचा भाग दिसतो. हा भाग खऱ्या वेगापेक्षा कमीच असतो. २० अंशांचा कोन असेल तर १०० चा वेग ९४ च्या आसपास दिसेल. म्हणजे तिरकेपणाचा फायदा चालकालाच मिळतो. लेझर गनलाही हेच लागू आहे.

‘माझ्या स्पीडोमीटरचा काटा ९५ वरच होता’ हाही मुद्दा फारसा टिकत नाही. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणार नाही याची काळजी घेऊनच मीटर बनवले जातात. पण मोठ्या मापाचे टायर बसवून घेतले असतील तर तो भरवसा राहत नाही. आणि तुमच्या काट्याची नोंद कोर्टापुढे आणणार कशी?

मग यंत्राचं चुकतं कुठे? बहुतेक वेळा मोजणीत नव्हे, ओळख पटवण्यात. चौकटीत दोन गाड्या शेजारी असतात आणि वेग एकीचा, नंबर दुसरीचा लागतो. नंबर प्लेटवरचं ३ हे ८ वाचलं जातं. चलान मोटारीचं असतं आणि फोटोत टेम्पो असतो. कुणी तुमच्या नंबरची बनावट पाटी लावून फिरत असतो. असं काही दिसलं तर एक रुपयाही भरू नका. महाट्रॅफिक ॲपवर किंवा वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर आरसी आणि गाडीच्या फोटोसह तक्रार नोंदवा. अशी उघड चूक कोर्टाची वाट न धरताही दुरुस्त होऊ शकते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून नवी वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा सुरू आहे. तिच्यात सरासरी वेगही मोजला जातो. मोटारीला सपाट भागात ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. कॅमेऱ्यांच्या दोन कमानींमधलं अंतर १० किलोमीटर असेल तर ते कापायला किमान ६ मिनिटं लागायला हवीत. ५ मिनिटांत पोचलात तर सरासरी १२० झाली. कॅमेरा दिसल्यावर ब्रेक दाबायचा आणि पुढे पुन्हा पळवायचं, ही युक्ती इथे चालत नाही. एखाद्या क्षणाचा वेग चुकीचा नोंदला गेला हा बचावही इथे लागू पडत नाही.

‘फोटो आहे ना, मग लढण्यासारखं काही उरलंच नाही’

उरतं, आणि माझ्या मते खरा जोर इथेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-अ आला. त्यानुसार यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दर वर्षी नव्याने घ्यावं लागतं. जिथे कॅमेऱ्याने नजर ठेवली जाते त्या टप्प्याच्या आधी ठळक सूचनाफलक लागतो. चलानासोबत गुन्हा आणि नंबर प्लेट दाखवणारा स्पष्ट फोटो, यंत्राने केलेलं मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणतं कलम मोडलं याचा उल्लेख असावा लागतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली द्यायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली.

या प्रमाणपत्राला किती वजन आहे हे आपल्या जालन्याच्या निवडणूक वादातून स्पष्ट झालं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं, की मूळ उपकरणच कोर्टापुढे आणलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. तो वाद उमेदवारी अर्जाच्या चित्रीकरणाचा होता, पण पुराव्याचा नियम तुमच्या चलानालाही तोच.

फलकाचंही असंच आहे. राज्य सरकार एखाद्या रस्त्यावर नेहमीपेक्षा कमी मर्यादा लावू शकतं, पण कलम ११२ नुसार तिथे योग्य जागी फलकही लावावा लागतो. फलक झाडाआड गेलेला असेल किंवा पडलेला असेल, तर शेजारी बसलेल्या माणसाने लगोलग काढलेला फोटो किंवा डॅशकॅमचं चित्रण हा फार चांगला पुरावा ठरतो. महिनाभराने जाल तेव्हा तिथे नवा कोरा फलक उभा असू शकतो.

‘नोटीस उशिरा आली, सहा महिने उलटले, विषय संपला’

हा अर्धं सत्य असलेला गैरसमज आहे, म्हणून जास्त घातक. कलम २०९ खरोखरच चालकाच्या बाजूचं आहे. वेगाच्या गुन्ह्यात तीनपैकी एक गोष्ट झालेली असावी लागते : जागेवरच खटल्याची ताकीद, किंवा १४ दिवसांच्या आत नोटीस बजावणं अथवा रजिस्टर पोस्टाने पाठवणं, किंवा २८ दिवसांच्या आत समन्स. नियम १६७-अ मध्येही नोटिशीला १५ दिवसांची मुदत आहे. मात्र मालकाचं नाव-पत्ता वाजवी प्रयत्नांनीही मिळत नव्हता, किंवा उशीर आरोपीच्याच वागण्याने झाला, असं कोर्टाला पटलं तर कलम २०९चं संरक्षण राहत नाही. आरसीवर जुना पत्ता आणि बंद पडलेला मोबाइल क्रमांक ठेवणाऱ्याने या मुद्द्यावर फार भिस्त ठेवू नये.

सहा महिन्यांची गोष्टही तशीच. फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत घ्यावी, असा फौजदारी प्रक्रियेचा नियम आहे. पण उशिराचं समाधानकारक कारण दिलं तर कोर्ट मुदत वाढवू शकतं. शिवाय हा मुद्दा कोर्टापुढे मांडावा लागतो. तुम्ही गप्प बसलात म्हणून संकेतस्थळावरची नोंद आपोआप पुसली जात नाही. चलानाकडे दुर्लक्ष करणं म्हणजे लढणं नव्हे. चलानावर आणि नोटिशीवर छापलेली मुदत पाळूनच काय ते करा.

‘कोर्टात हरलो तर दंड दुप्पट होईल’

कलम १८३ पाहा. हलक्या मोटार वाहनाला दंड १,००० ते २,००० रुपये, मध्यम आणि जड वाहनांना २,००० ते ४,०००. दोन हजारांचं चलान आलेला मोटारमालक या कलमाच्या वरच्या टोकालाच उभा आहे, त्यामुळे दुपटीची भीती निराधार. भीती बाळगायचीच तर लायसन्सची बाळगा. दुसऱ्यांदा हाच गुन्हा झाला तर लायसन्स जप्त करण्याची तरतूद आहे, आणि तडजोडीची रक्कम भरल्याने लायसन्सवरची कारवाई टळतेच असं नाही. गाडी चालवण्यावर ज्याचं पोट आहे, त्याने दुसरं चलान डोळे झाकून भरण्याआधी वकिलाला जरूर विचारावं.

खरा खर्च दंडात नसतो, तो हेलपाट्यांत असतो. खटला गुन्हा घडला त्या हद्दीत चालतो. द्रुतगती मार्गावरचं प्रकरण खालापूरला किंवा वडगाव मावळला जाऊ शकतं. कोल्हापूरच्या माणसाला दोन तारखा म्हणजे दोन दिवसांची रजा आणि डिझेल. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल इथल्या आभासी न्यायालयाकडून नोटीस आली असेल, तर घरबसल्या दंड भरता येतो किंवा आरोप नाकारता येतो. नाकारला की प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं.

‘लोकअदालतीत निम्म्यावर मिटतं’

लोकअदालतीत वाद लढवला जात नाही, संमतीने मिटवला जातो आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. निम्म्या दंडाची जी बातमी फिरते ती कर्नाटकची आहे. तिथल्या सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये तशी सवलत जाहीर केली होती. आपल्याकडे सरकारची अधिकृत घोषणा असेल तरच विश्वास ठेवा. सवलतीच्या नावाने आलेली ॲपची फाइल तर मुळीच उघडू नका, त्यातून बँक खाती रिकामी झाली आहेत.

‘गाडी माझी, पण चालवत दुसराच होता’

नोटीस मालकाला येते, गुन्हा मात्र चालकाचा असतो. पोलिसांनी विचारल्यावर चालकाचं नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती देणं कलम १३३ प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे. ती लपवणं हा बचाव नाही. गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती होती असं निघालं तर मामला फार गंभीर होतो. पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

माझा सल्ला असा. फोटो तुमच्याच गाडीचा आहे, फलक होता, वेग तुम्हालाही मनातून मान्य आहे, तर पैसे भरा आणि दिवस वाचवा. गाडी तुमची नसेल, फलक नसेल, नोटीस मुदतीनंतर आली असेल किंवा पुराव्याचं प्रमाणपत्र मिळत नसेल, तर बेधडक आरोप नाकारा, गरज वाटल्यास स्वतःच उभे राहा. या खटल्यात वकील नेमणं सक्तीचं नाही. पण त्याआधी, आज रात्रीच, सरकारी संकेतस्थळावर तुमच्या गाडीचा नंबर घालून तो फोटो उघडून बघा.