तांडेलाच्या वरची पायरी

अग्निशमन दलात ‘तांडेल’ नावाचं एक पद आहे. शब्द मुळात गलबतावरचा, खलाशांच्या म्होरक्याचा. पुण्यात मात्र हा तांडेल बंबावर बसून फिरतो. वर्दी आली की चार-पाच जवान घेऊन गाडीतून उतरणारा आणि पहिला होज कुठून न्यायचा हे ठरवणारा.

फायरमन म्हणून भरती होणारा पोरगा सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन येतो. राज्याचं केंद्र मुंबईत, कलिन्याला. पुढे तांडेल, मग सब ऑफिसर, स्टेशन ऑफिसर, विभागीय अधिकारी आणि सगळ्यात वर मुख्य अग्निशमन अधिकारी. काही जण थेट सब ऑफिसरचा अभ्यासक्रम करून मधल्याच पायरीवर येतात. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय ही त्यांची काशी. ते 1956 मध्ये रामपूरला सुरू झालं आणि वर्षभरात नागपुरात आलं. वाट कुठलीही असो, इतर सरकारी खात्यांत बढतीबरोबर माणूस कामाच्या जागेपासून लांब जातो, तसं इथे होत नाही. साहेबाला भवानी पेठेतल्या मध्यवर्ती केंद्रात केबिन मिळते, पण आग मोठी असेल तर साहेब जागेवरच हवा.

आणि जागा सदाशिव पेठेतली असेल, तर तिथे पोचणं हीच पहिली परीक्षा. गल्लीच्या तोंडाशी दुचाक्यांची रांग, वर लोंबणाऱ्या तारा, आणि ‘गाडी इथे लावू नका’ हे बंबालासुद्धा सुनावायला कमी न करणारे आम्ही पेठकरी. पुढे होज खांद्यावर घेऊन पळायचं. वाडा पेटला की तो बाहेरून फारसं काही सांगत नाही. सागवानी खांब वरून कोळसतो, आत बराच वेळ दम धरतो. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक मात्र न दिसता धुमसत राहतं. ज्वाळा विझल्या म्हणून गाड्या परत नेल्या, तर पहाटे पुन्हा वर्दी. शिवाय पाणी जास्त मारलं तर मातीची भिंत भिजून बसते. किती मारायचं, कुठे थांबायचं, आणि आतल्या पोरांना ‘बाहेर या’ कधी म्हणायचं, हे कुठल्याच अभ्यासक्रमात पुरतं शिकवता येत नाही. तांडेलाच्या वरची पायरी म्हणजे माझ्या मते एवढंच: चार माणसांऐवजी चाळीस माणसांना मागे बोलावण्याचा अधिकार.

तो अधिकार असलेले लोकही आगीत सापडतात. 9 मे 2015 रोजी मुंबईत काळबादेवीची गोकुळ निवास ही जुनी इमारत पेटली आणि कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तिथेच गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि खुद्द मुख्य अधिकारी सुनील नेसरीकर भाजलेल्या अवस्थेत काही दिवस झुंजले, पण दोघेही वाचले नाहीत. एका आगीत दलाचा माथाच गेला. 14 एप्रिल 1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात 66 जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. काळबादेवीची आठवण तेवढी निघत नाही. पेठेत राहणाऱ्यानं तरी ती काढावी, कारण जुनी आणि दाटीवाटीची घरं आपल्याकडेही आहेत.

साहेबाचा उरलेला दिवस कागदात जातो. 2006 चा महाराष्ट्राचा अग्निप्रतिबंध कायदा डिसेंबर 2008 पासून लागू झाला आणि इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकावर आली. दर जानेवारी आणि जुलैला तसं प्रमाणपत्र द्यायचं असतं. आपल्या सोसायटीनं ते शेवटचं कधी दिलं, हे सचिवांना विचारून पाहा. बहुधा विषय पार्किंगवर जाईल.

पेठेला आग नवी नाही. बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा पेठेतलाच. दुसऱ्या बाजीरावानं बांधलेला हा वाडा मे 1879 मध्ये कुणीतरी पेटवला; त्याच वेळी बुधवारवाडाही जळाला. बुधवारवाडा कायमचा गेला. विश्रामबागचा जळका भाग लोकांनी वर्गणी काढून पुन्हा उभा केला. दर्शनी सज्जाचं कोरीव लाकूड आजही रस्त्यावर झुकलेलं आहे, आणि त्याच्या खालून बंब घंटा वाजवत, दुचाक्या बाजूला होण्याची वाट बघत पुढे सरकतो.